ॲडम स्मिथ : अर्धा पोहोचलेला तत्त्ववेत्ता



ज्या तत्त्ववेत्त्याविषयी आज मी बोलणार आहे, त्याचे नाव येथे जमलेल्यांपैकी कोणास अपरिचित असेल असे मला वाटत नाही. त्याच्या ‘अदृश्य हाता’चा उल्लेख तर अग्रलेखांतून आणि अंदाजपत्रकावरील भाषणांतून इतक्या वेळा होतो, की हा हात म्हणजेच ॲडम स्मिथ, त्यापलीकडे त्याला मस्तक नव्हते आणि हृदय तर नव्हतेच, अशी सुशिक्षितांचीही समजूत झालेली आढळते. कोणी त्याला स्वार्थाचा भाष्यकार म्हणून नमस्कार करतो, कोणी त्याच कारणासाठी शिव्या देतो. दोघांनीही त्याचा ग्रंथ अखेरपर्यंत वाचलेला नसतो, एवढ्यापुरते त्यांचे ऐकमत्य असते. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे, की स्मिथ आपल्या देशात आला तो अर्धाच आला, आणि जो अर्धा आला तो आणणाऱ्यांच्या सोयीचा होता. उरलेला अर्धा स्मिथ कोणता, हे सांगावयाचे तर आधी त्याच्या चरित्राकडे वळणे प्राप्त आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कर्कॉडी नावाच्या लहानशा बंदरगावी त्याचा जन्म झाला; बाप्तिस्म्याची नोंद ५ जून १७२३ ची आहे. वडील तेथील जकात खात्यात अधिकारी होते आणि पुत्रजन्मापूर्वीच काही महिने वारले, त्यामुळे मार्गारेट डग्लस या मातेनेच त्याला वाढवले. आणि पुढे एकसष्ट वर्षे, म्हणजे १७८४ साली ती वारेपर्यंत, या अविवाहित पुत्राच्या आयुष्यात तिच्याइतके जवळचे माणूस दुसरे झाले नाही. चौदाव्या वर्षी तो ग्लासगो विद्यापीठात गेला. तेथे फ्रान्सिस हचेसन हे नीतिशास्त्र शिकवीत आणि लॅटिनऐवजी चक्क लोकभाषेत, म्हणजे इंग्रजीत, व्याख्याने देत. त्या गुरूचा संस्कार त्याच्यावर जन्मभर राहिला. तेथून शिष्यवृत्ती मिळवून १७४० साली तो ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात दाखल झाला व सहा वर्षे राहिला. या सहा वर्षांत त्याला गुरू असा लाभलाच नाही. तेथील बहुतेक अध्यापकांनी शिकवण्याचे सोंग करणेही कैक वर्षांपूर्वी सोडून दिले आहे, असे त्याने पुढे छापून ठेवले. कारणही त्याने दिले: ज्याचा तनखा काम केले काय, न केले काय, सारखाच चालू राहतो, त्याने काम का करावे? ग्लासगोत अध्यापकाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येई, म्हणून तेथे शिकवणे होई. सभेत काही प्राध्यापक मंडळी उपस्थित आहेत, म्हणून या मुद्द्यावर मी अधिक रेंगाळत नाही.

१७५१ साली तो ग्लासगोत तर्कशास्त्राचा आणि पुढल्याच वर्षी नीतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. १७५९ साली त्याचा पहिला ग्रंथ ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’, म्हणजे नैतिक भावनांची उपपत्ती सांगणारा, प्रसिद्ध झाला आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली. माणूस कितीही स्वार्थी मानला, तरी दुसऱ्याच्या सुखदुःखाविषयी आस्था वाटणे हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे, येथून त्या ग्रंथाचा आरंभ होतो. दुसऱ्याच्या जागी आपण कल्पनेने उभे राहतो आणि मग दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडेही पाहू लागतो. या पाहण्यातून अंतःकरणात एक निःपक्षपाती साक्षी निर्माण होतो. हा वेदान्तातील अलिप्त साक्षी नव्हे. हा निवाडा करतो, टोचतो, लाज आणतो. स्मिथने एक उदाहरण योजले आहे. समजा, चीनसारखा विशाल देश भूकंपाने एका रात्रीत कोट्यवधी प्रजेसह गडप झाला. युरोपातील एखादा सज्जन ती वार्ता ऐकून हळहळेल, मानवी जीविताच्या क्षणभंगुरत्वावर दोन शब्द बोलेल आणि रात्री सुखाने घोरेल. मात्र उद्या आपल्या हाताची करंगळी कापावी लागणार आहे असे त्याला कळले, तर त्याचा डोळा लागणार नाही. मनुष्यस्वभावाचे इतके निष्ठुर वर्णन करून स्मिथ लगेच विचारतो, की ती करंगळी वाचवण्यासाठी त्या कोट्यवधींचा बळी देण्यास हाच गृहस्थ तयार होईल काय? होणार नाही, त्या विचाराने त्याच्या अंगावर काटा येईल. असे का व्हावे? दया ही दुबळी भावना आहे, तिच्याने हे काम होत नाही. ते काम आतला साक्षी करतो. हे भूकंपाचे उदाहरण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण स्मिथच्या दुसऱ्या ग्रंथातही एक भूकंप आहे आणि त्याचा आपल्या देशाशी साक्षात् संबंध आहे.

१७६४ साली त्याने प्राध्यापकी सोडली. बक्ल्यूच्या तरुण ड्यूकला बरोबर घेऊन फ्रान्सचा प्रवास घडवावा आणि शिकवावे, या कामासाठी त्याला वर्षाला तीनशे पौंड व नंतर तहहयात तेवढेच वर्षासन देऊ करण्यात आले होते. देऊ करणारा गृहस्थ चार्ल्स टाउनशेंड. तीन वर्षांनी अमेरिकन वसाहतींवर चहाची जकात बसवून बंडाची पेरणी करणारा तोच. जकातीच्या दुष्परिणामांचा सर्वांत मोठा भाष्यकार त्याच्याच आश्रयाने ग्रंथलेखनास मोकळा झाला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. वर्ष अर्ध्यावर सोडावे लागले म्हणून स्मिथने विद्यार्थ्यांचे शुल्क परत केले; ते घेईनात, तेव्हा बळेच त्यांच्या खिशात कोंबले, असे सांगतात. तुलूझ शहरी त्याला करमेना. वेळ घालवण्यासाठी एक पुस्तक लिहावयास घेतले आहे, असे त्याने आपला परममित्र डेव्हिड ह्यूम यास कळवले. पुढे जिनिव्हाजवळ व्हॉल्तेअरची आणि पॅरिसमध्ये क्वेने, त्युर्गो या अर्थशास्त्रज्ञांची भेट झाली. क्वेने फ्रान्सच्या राजाचा वैद्य होता, आणि १७७४ साली वारला नसता तर स्मिथने आपला ग्रंथ त्याला अर्पण केला असता. १७६६ च्या अखेरीस स्मिथ परतला, कर्कॉडीस आईजवळ सहा वर्षे एकान्तात राहून लिहीत बसला, तीन वर्षे लंडनमध्ये संस्करण करीत राहिला, आणि ९ मार्च १७७६ रोजी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ दोन खंडांत बाहेर पडला.

येथे महाराष्ट्रीय श्रोत्यांस एक स्मरण द्यावेसे वाटते. त्याच्या अवघ्या आठ दिवस आधी, १ मार्च १७७६ रोजी, पुरंदरावर सखारामबापू आणि नाना फडणीस यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल अप्टनशी तह केला होता. ज्या व्यापारी कंपनीशी पुण्याचे मुत्सद्दी साष्टीबद्दल घासाघीस करीत होते, तिच्या राज्यकारभाराची चिरफाड करणारे पुस्तक त्याच वेळी लंडनच्या छापखान्यातून निघत होते, याची वार्ता पुण्याच्या बारभाई कारभाऱ्यांस असण्याचे कारण नव्हते. असती तर नानांच्या दफ्तरात ते पुस्तक कदाचित ठेवले गेले असते.

ग्रंथाच्या आरंभी टाचण्यांचा सुप्रसिद्ध कारखाना येतो. एका माणसाने एकट्याने टाचणी करावयाची म्हटली तर दिवसाकाठी एखादी कष्टाने होईल, वीस तर होणारच नाहीत. परंतु तार ओढणे, तोडणे, टोक काढणे, डोके बसवणे अशी सुमारे अठरा कामे वाटून घेतली, की दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. या श्रमविभागणीतून उत्पादन वाढते, बाजार जितका मोठा तितकी विभागणी अधिक. आणि खाटीक, पाववाला आपणास अन्न देतो ते परोपकारबुद्धीने नव्हे, स्वतःचा लाभ पाहून देतो. इतके सर्वांना ठाऊक आहे. ‘अदृश्य हात’ मात्र एवढ्या प्रचंड ग्रंथात एकदाच येतो, तोही चौथ्या भागात, परदेशी मालाच्या आयातीचा विचार करताना, ओघात. ज्या सिद्धान्तावर आपली सारी इमारत उभी आहे असे लेखकास वाटते, तो सिद्धान्त तो असा कोपऱ्यात ठेवत नाही.

ज्याविषयी तो वारंवार आणि रागाने लिहितो, ती गोष्ट निराळीच आहे. एकाच धंद्यातले व्यापारी मौजेसाठी म्हणून जमले तरी बोलणे अखेर किमती वाढवण्याच्या संगनमतावर येते, असे तो सांगतो. मालक मजुरी न वाढवण्याबद्दल आपसात नेहमी आणि सर्वत्र एकजूट करून असतात. ती मूक असते म्हणून कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि मजुरांनी एकजूट केली की मात्र कायदा धावून येतो, हे त्याने १७७६ साली लिहून ठेवले आहे. व्यापारीवर्गाकडून येणारी कोणतीही कायद्याची सूचना अत्यंत संशयाने तपासावी, कारण या वर्गाचे हित लोकहिताशी कधीच पुरते जुळत नाही, असा त्याचा इशारा आहे. सरकारने व्यापारात हात घालू नये असे तो म्हणतो ते बहुतांशी याच कारणाने: सरकारचा हात बहुधा व्यापाऱ्यांनीच धरलेला असतो. ज्या समाजातील बहुसंख्य माणसे दरिद्री आणि दुःखी आहेत, तो समाज भरभराटीत आहे असे म्हणता येणार नाही, ही त्याची कसोटी आहे. जीवनावश्यक वस्तू कोणती, याचे त्याचे उत्तरही पाहावे. ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या कापडाचा सदरा न घालता सुखाने राहिले, पण आजच्या युरोपात साध्या रोजंदारी मजुरालाही तो सदरा नसेल तर चारचौघांत जाण्याची लाज वाटेल, म्हणून तो सदरा ही त्याची गरज आहे. गरजेत लाजेचा समावेश करणारा हा अर्थशास्त्रज्ञ मूळचा नीतिशास्त्राचा प्राध्यापक आहे, हे येथे उघड दिसते.

आणि त्याच श्रमविभागणीबद्दल पाचव्या भागात त्याने काय लिहिले आहे? ज्याचे सारे आयुष्य एक-दोन साध्या क्रिया करण्यात जाते, त्याची बुद्धी चालवण्याचा प्रसंगच येत नाही; तो मनुष्यप्राणी होऊ शकतो तितका मूढ आणि अज्ञानी होतो, संभाषणास, औदार्यास, देशहिताच्या विचारास मुकतो, आणि सरकारने यत्न केला नाही तर सुधारलेल्या समाजातील बहुजनांची हीच गत होणार आहे. म्हणून गावोगाव लहान शाळा काढाव्यात, त्यांचा काही खर्च सरकारने सोसावा, शुल्क मजुरालाही परवडेल इतके असावे. संरक्षण, न्याय आणि खाजगी माणसास न पेलणारी सार्वजनिक कामे ही राजाची तीन कर्तव्ये त्याने सांगितली. शिक्षण तिसऱ्यात येते.

उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगतो. १७७८ साली स्कॉटलंडच्या जकात खात्यावर त्याची नेमणूक झाली आणि वार्षिक सहाशे पौंडांवर त्याने ते काम बारा वर्षे कसोशीने केले. हुद्द्यावर आल्यावर बंदी असलेल्या परदेशी मालाची यादी त्याने वाचली, तेव्हा आपल्या अंगावरील गळपट्ट्यांपासून रुमालांपर्यंत बहुतेक वस्त्रे त्या यादीत आहेत असे त्याला आढळले. उदाहरण घालून द्यावे म्हणून ती त्याने जाळून टाकली, आणि आपल्या मित्राला मात्र स्वतःचे कपडे व घरातील सामान तपासून न पाहण्याचा सल्ला दिला. मुक्त व्यापाराच्या आचार्याने असे करावे, यात मला विसंगती दिसत नाही. कायदा वाईट असला तरी तो राबवणाऱ्याने स्वतःपुरती सवलत घेऊ नये, हे त्याच्या नीतिशास्त्राशी सुसंगतच आहे. मृत्यूपूर्वी त्याने पहिल्या ग्रंथाची सहावी आवृत्ती पुष्कळ वाढवून काढली. तिच्यात एक नवे प्रकरण आले: श्रीमंत व बलवान यांची पूजा आणि दरिद्री व दुर्बल यांची उपेक्षा हेच आपल्या नैतिक भावनांच्या भ्रष्टतेचे सर्वांत मोठे कारण आहे. काही आठवड्यांनी त्याने आपली बहुतेक हस्तलिखिते मित्रांकरवी जाळून घेतली आणि १७ जुलै १७९० रोजी एडिंबरोस त्याचे निधन झाले. मिळकत अपेक्षेपेक्षा बरीच थोडी निघाली. गुप्त दानात ती गेली होती.

आता हिंदुस्थानाकडे वळू. १७७२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे, आपल्या कारभारास उपयोगी पडणारा माणूस म्हणून, स्मिथचे नाव एका मित्राने सुचवले होते आणि स्मिथने त्याबद्दल त्याचे आभारही मानले होते. ते काही जमले नाही. जमते तर त्याचा ग्रंथ कसा झाला असता हे सांगवत नाही. झालेल्या ग्रंथात कंपनीविषयी जे आहे ते असे. व्यापाऱ्यांच्या मक्तेदार कंपनीचे राज्य हे कोणत्याही देशाला लाभू शकणाऱ्या राज्यांपैकी बहुधा सर्वांत वाईट. राजा म्हणून तिचे हित रयतेच्या भरभराटीत, व्यापारी म्हणून तिचे हित रयतेकडून माल स्वस्तात काढण्यात. आणि व्यापाऱ्याची सवय राजाच्या हितबुद्धीवर नेहमी मात करते. बंगालमधील वखारीचा मुख्य आपल्या नफ्याच्या हिशेबाप्रमाणे कधी शेतकऱ्याला अफूचे उभे पीक नांगरून भात लावण्याचा हुकूम सोडतो, तर कधी भात नांगरून अफू लावण्याचा. आणि मग येतो तो दुसरा भूकंप: कंपनीच्या प्रत्येक नोकराला शक्य तितक्या लवकर पैसा गाठीला बांधून देश सोडावयाचा असतो, आणि तो बांधून बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सारा देश भूकंपाने गिळला तरी त्याचे काही बिघडत नाही.

पहिल्या ग्रंथातील गृहस्थाला चीनचा विनाश ऐकून झोप येत होती, पण करंगळीसाठी तो विनाश घडवण्यास त्याचा अंतःसाक्षी धजत नव्हता. बंगालमध्ये तोच गृहस्थ तसे करण्यास धजला. का? माणसे वाईट म्हणून नव्हे, असे स्मिथ मुद्दाम नमूद करतो. त्यांच्यावर टीका करणारे त्यांच्या जागी असते तर तेही बहुधा तसेच वागले असते. दोष माणसांचा नसून त्यांना ज्या स्थितीत ठेवले त्या व्यवस्थेचा. अंतःकरणातील साक्षीला मुका करणारी व्यवस्था उभारता येते, मक्तेदारी आणि राजसत्ता एका हाती दिली की ती उभी राहते, हा स्मिथच्या दोन्ही ग्रंथांना जोडणारा विचार आहे, आणि तो आमच्या देशाच्या अनुभवावर बेतलेला आहे. १७८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने सनदी कंपन्यांवर नवा मजकूर घालून हा हल्ला अधिकच धारदार केला.

असा हा लेखक आमच्याकडे कोणत्या रूपाने आला? कंपनीने आपल्या मुलकी नोकरांना शिकवण्यासाठी इंग्लंडात एक विद्यालय काढले, पुढे ते हेलिबरीस गेले. तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. त्या घडणीतले अंमलदार येथे आले तेव्हा त्यांच्यासमवेत स्मिथही आला. परंतु कंपनीच्याच नोकरीत असताना कंपनीविषयीची प्रकरणे तोंडपाठ असण्याची अपेक्षा कोण करील? तोंडपाठ होते ते धान्यव्यापाराचे प्रकरण. १८१२ साली गुजरातेत दुष्काळ पडला. तेथे धान्य नेऊन पोहोचवण्याची सूचना मुंबईच्या गव्हर्नराने फेटाळली, ती या विख्यात ग्रंथकाराचा दाखला देऊन. पुढे १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर महादुष्काळ कोसळला, तेव्हाही सरकारने धान्याच्या किमती उतरवण्यासाठी हस्तक्षेप करावयाचा नाही, हेच सूत्र राहिले. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची मजुरी हिंदुस्थान सरकारचे दुष्काळविषयक प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी पुरेशी ठरवली, आणि तिच्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेला पत्रामागून पत्र सरकारकडे पाठवावे लागले.

या प्रकारात स्मिथ सर्वस्वी निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. धान्याच्या व्यापाऱ्यांमुळे नव्हे, तर सरकारच्या आततायी उपायांमुळे टंचाईचा दुष्काळ होतो, हे त्याने फार ठाम शब्दांत लिहिले आहे, आणि बंगालच्या १७७० च्या दुष्काळाचा काही दोष कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांवर ठेवला आहे. त्याच्या देशात, त्या काळी, ते बरेचसे खरेही असेल. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात, मजुरीविषयीच्या आठव्या प्रकरणात, त्याने असेही लिहिले आहे की ज्या देशात मजुरांच्या पोषणाचा निधी आटत चालला आहे तेथे कामच मिळत नाही, मिळाले तर पोटापुरते नसते, आणि माणसे उपासमारीने, भिकेने किंवा गुन्ह्याने नष्ट होतात. बंगालची स्थिती बहुधा अशीच आहे, असेही तो तेथे म्हणतो. ज्याच्या हाती मजुरीच नाही त्याच्या दारी मुक्त व्यापार धान्य आणून टाकत नाही, हे या प्रकरणावरून कोणालाही कळावे. मुंबई सरकारच्या दफ्तरात हे प्रकरण उघडले गेले नाही.

उरलेला अर्धा स्मिथ ओळखणारे लोक आमच्याकडे झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी लागू मानण्यास त्यांनी नकार दिला. पण हा नकार देताना, स्मिथने आर्थिक विचार सामाजिक विचारापासून कधी तोडला नाही आणि यातच त्याचे त्याच्या वारसदारांहून श्रेष्ठत्व आहे, हेही त्यांनी न्यायाधीशाच्या समतोलाने नोंदवले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या भाषणात, जातिसंस्था म्हणजे श्रमविभागणीच आहे या समर्थनाचा समाचार घेतला: येथे कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच विभागणी झाली आहे, आणि ती जन्माने झाली आहे. स्मिथच्या टाचण्यांच्या कारखान्यातील मजुराला निदान कायद्याने दुसऱ्या धंद्यात जाण्यास मोकळीक असावी, म्हणून उमेदवारीच्या जाचक नियमांवर स्मिथने शस्त्र उपसले होते. जातीचे समर्थन करण्यासाठी त्याच्या सिद्धान्ताची उसनवारी करणाऱ्यांना हा तपशील सोयीचा नव्हता.

स्मिथची सारीच मते आज टिकतील असे नाही. मूल्याविषयीची त्याची मीमांसा संदिग्ध आहे. रिकार्डो आणि मार्क्स दोघेही तिच्यातूनच निघाले आणि परस्परविरुद्ध दिशांना गेले. कंपन्यांचे भागभांडवल इतके वाढेल आणि दुसऱ्याच्या पैशाने धंदा करणाऱ्यांची कार्यक्षमता इतकी टिकेल, असे त्याला वाटले नव्हते. परंतु सत्ता आणि मक्ता एका मुठीत आल्यावर भल्या माणसाचेही काय होते, याचे त्याच्याइतके स्वच्छ निदान मला अन्यत्र आढळलेले नाही, आणि त्याची मातब्बरी मी त्याच्या बाजारविषयक सिद्धान्ताहून अधिक मानतो. म्हणून या सभागृहातील अर्थशास्त्राच्या अध्यापकांस एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो, की पहिल्या भागातील टाचण्यांचा कारखाना ज्या तासाला शिकवाल, त्याच तासाला त्या कारखान्यातील मजुराविषयी पाचव्या भागात जे लिहिले आहे तेही शिकवावे, आणि परीक्षेतील प्रश्न त्यावर काढावा.